भुरीला दिलेलं वाण

"मैना, बादली रिकामी वाजवू नोको. अन् तिचं रोजचं तेवढंच देत जाय. कमी नोको, जास्ती नोको."

शेवटच्या दिवसांत खुशालराव खाटेवरून दुसरं फारसं काही बोललेच नाहीत. शेताचं नाही, मुलाच्या, अंकुरच्या लग्नाचं नाही. म्हशीचं मात्र बायकोला तीनदा बजावलं. भुरी त्यांनी दारातच वाढवलेली, पुर्णाथडी जातीची, राखेच्या रंगाची. बादलीची कडी खणकली की ती मान वळवायची, घमेल्यातल्या सरकीच्या ढेपेत तोंड घालायची आणि मैनाबाईंचा हात कासेला लागायच्या आत पान्हा सोडायची. तुळशीच्या पाण्याला जसा खंड नाही, तसा यालाही सहा वर्षांत खंड नव्हता.

यंदा जेठात धोंड्याचा महिना आला. या महिन्यातलं वाण जावयाचं, आणि मैनाबाईंना मुलगी नाही. पहिल्या दिवशी आंघोळ, जप आटोपून त्या गोठ्यात गेल्या आणि ढेपेवर गुळाचा चांगला मोठा खडा फोडून घातला. महिनाभर, दोन्ही धारांना, असा नेमच त्या देवापुढे बोलून आल्या होत्या.

"काय वं मैनाबाई," शेजारची शकुन कुंपणावरून हसली, "जावई म्हशीत सापडला काय?"

"सापडला तं सापडला. तुह्या जावयासारखा रुसत तं नाही!"

भुरीचं दूध वाढलं. आता कडी खणकायच्या आधीच, नुसती पावलं ऐकून ती रेकायची. मैनाबाईंना वाटायचं, पोचलं वाण.

अमावास्येला महिना सरला. दुसऱ्या दिवशी घमेल्यात नुसती ढेप पडली. तीच, तेवढीच, सहा वर्षं गोड लागलेली. भुरीनं वास घेतला, खाली काही लपलंय का म्हणून तोंडानं ती उलथीपालथी केली आणि घमेलं शिंगानं लोटून दिलं. पान्हा आला नाही. संध्याकाळी तिनं लाथ झाडली.

"हे काहून दूध चोरून राहिली?" अंकुर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी कास तटतटली, तेव्हा मैनाबाईंना बघवेना. अंकुर बाहेर गेल्यावर त्यांनी गुळाची अर्धी भेली एकदमच घमेल्यात टाकली. भुरीनं ती अधाशासारखी संपवली, पान्हाही सोडला, आणि दुपारपर्यंत तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

पातूरहून गुरांच्या डॉक्टर आल्या, पौर्णिमा नावाची तरुण पोरगी. पोट उतरलं, पण यापुढे गूळ बंद, असं तिनं सांगितलं.

"माह्यावर रागावली का हो ते?" मैनाबाईंनी हळूच विचारलं.

डॉक्टर हात धूत होती. "राग नाही, मावशी. नुसती ढेप तिला कधी कमी वाटलीच नव्हती. तुम्ही महिनाभर गूळ घातला, तिनं तो मनात धरला. आता तीच ढेप कमी झाली. गूळ दिलाच नसता, तर ती आजही सुखानं खात असती."

त्या संध्याकाळी देवापुढे वात लावताना मैनाबाईंच्या तीन काड्या विझल्या.

दूध अडून अडून कासेला दगडी झाली, ती सुजून कडक पडली. पंधरा-वीस दिवसांत तीन सड कोरडे पडले. आणि तेव्हा कुठे भुरी नुसती ढेप पुन्हा गुमान खाऊ लागली. आता त्याचा काय उपयोग?

अंकुरनं शेखर व्यापाऱ्याला बोलावलं. अशी म्हैस पाळायला कोणी नेत नाही, हे मैनाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

भुरी गाडीत चढेना. दोघांनी ओढली, शेपटी पिरगाळली, तरी नाही.

"माय, बादली वाजव ना," अंकुर खाली बघत म्हणाला. "तुह्या आवाजावर चढते ते."

"रिकामी?"

"गूळ घे हातात. आता तिच्या पोटाचं काय भेव राहिलं?"

मैनाबाईंनी कडी खणकवली. "चाल माय, गूळ देतो तुले."

भुरीचे कान उभे राहिले. फळीवरून खटखट ती वर गेली. लगेच फळी बंद झाली, गाडी हलली. गूळ मुठीतच राहिला. भुरी मात्र वरून तोंड काढून, वळणापर्यंत बादलीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी एकादशी. बाजार उद्याचा, तोवर जनावरं अकोल्याला नाक्याजवळच्या गोठ्यात असतात, असं शेखर बोलून गेला होता. मैनाबाईंनी पूजा केली, तोंडात पाणीही घेतलं नाही. कालचाच खडा पदराच्या गाठीत बांधला आणि बादली उचलली.

"कुठं, माय?" अंकुर दारात आला. "आता ते परत नाही येत."

"आणाले नाही चालली मी."

त्या पातूरच्या रस्त्यानं एसटीच्या थांब्याकडे निघाल्या. वाटेत कडी वाजू नये म्हणून ती त्यांनी पदराच्या दुसऱ्या टोकात गुंडाळून घट्ट धरली होती.