दहा मिनिटं पुढे

जुन्या मोटारसायकलींच्या त्या रॅलीत पहिलं येण्याला काही किंमत नव्हती. किंमत होती ती वेळेवर येण्याला. गाड्या नंबरानं, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं सुटत, आणि कुणी कुठल्या नाक्यावर कधी पोचायचं ते मिनिटासकट आधीच ठरलेलं असे. उशिरा गेलात तर गुण कापणार, लवकर गेलात तरी कापणारच, आणि पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला की सरळ बाद. मोबाइल आणि मनगटावरची घड्याळं सुरुवातीलाच जमा करून घेत. हँडलवर एक सीलबंद घड्याळ, तेवढंच काय ते. दोघी बहिणींतली धाकटी या खेळात बावीस वर्षं होती. मोटारसायकलींच्या सीटा शिवायचा तिचा धंदा, म्हणून सगळे तिला सीटवाली म्हणत. सतरा नंबरची सीटवाली म्हणजे काट्यावर काटा, असं तिचं नाव होतं.

त्यातली वीस वर्षं नवरा मागे बसून वेळा ओरडायचा. तो गेल्याला दीड वर्ष झालं होतं. आता ती एकटीच यायची, मनात सेकंद मोजत. रडली मात्र नव्हती. लोकांनी वाट पाहिली, मग तिनं स्वतः पाहिली, शेवटी सगळ्यांनीच नाद सोडला.

या वर्षी तिसरा नाका होता शाळेच्या मैदानावर, आणि मैदानामागच्या गल्लीत ताईचं घर. धाकटीनं आधीचा टप्पा जरा रेटून मारला आणि अकरा दहाला गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. नाक्यावरची तिची वेळ होती अकरा बावन्न. चार तासांच्या थरथरीनं दोन्ही हात मनगटापर्यंत बधिर झालेले. हेल्मेटचा पट्टा सुटला की नाही हे तिला गाडीच्या आरशात बघावं लागलं.

चाळीस मिनिटं. 'नाही' एवढं एकच म्हणायला ती खूप झाली.

ताईचा तीनदा फोन येऊन गेला होता. "माझं पोटाचं ऑपरेशन आहे. नंतर चार महिने बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणतात, मग आई कुठली उचलणार? तू तिला नेतेस का? हो म्हण, नाही म्हण, पण तोंडावर येऊन म्हण." तिन्ही वेळा धाकटी "बघते" म्हणाली होती. बघायचं काही नव्हतं. उत्तर तिनं पहिल्याच फोनला ठरवलं होतं आणि वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं, हेल्मेटच्या आत.

दार ताईनंच उघडलं. हातात धुतलेल्या चादरीचं एक टोक, दुसरं मागे जमिनीवर लोळतंय.

"या, सरदार! घोडं कुठं बांधलं?"

"कोपऱ्यावर."

"रॅली आमच्या दारात आली म्हणून पाय लागले. नाहीतर आम्ही आपले फोनवरच बरे. धर हे टोक."

दोघींनी चादर ताणली, झटकली, घडी घातली. लहानपणी घालायच्या तशीच, मध्यावर येऊन टोकं जुळवत. धाकटीच्या हातून कापड दोनदा निसटलं.

"हातात जीव नाही का गं?"

"बधिर झालेत. येईल जीव."

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत. एकतीस वर्षं ती कापडगिरणीच्या फाटकावर बसून माणसांच्या वेळा टिपत असे. कोण कधी आत आलं, कोण उशिरा, कुणाचा खाडा. घरातही तोच कारभार. भिंतीवरचं घड्याळ तिनं कायम दहा मिनिटं पुढे ठेवलं, कुणाला कधी उशीर होऊ नये म्हणून. दोघी मुलींना घड्याळ वाचायला शिकवलं तेच मुळी असं: काटे बघायचे, दहा वजा करायचे. शाळेत धाकटीनं बाईंच्या घड्याळातूनही दहा वजा केले होते आणि मार खाल्ला होता.

"आई, मी आलेय."

आईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जाड जाकीट, गुडघ्याचे पट्टे, बूट. "कुठल्या खात्यातली?"

नवऱ्याच्या अंत्ययात्रेला ताईनं आईला आणलं होतं. तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं, चारचौघांत. त्यानंतर धाकटी इकडे फिरकली नव्हती.

"शिवणखात्यातली," ती म्हणाली.

"बस मग. भोंगा व्हायचाय अजून."

ती बसली. आपल्याला काय वाटतंय हे तिनं चाचपून पाहिलं, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं. काही लागलं नाही.

ताईनं चहा टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. थोरली असली तरी अंगानं बारीक, आता तर चिमटीत मावेल इतकी. पोटावर एक हात सतत.

"दुखतं?"

"नाही, शोभेला धरलाय. तुझं काय ठरलं ते सांग आधी. माझी तारीख पंधरा दिवसांवर आलीय."

धाकटीनं भिंतीकडे पाहिलं. घड्याळात अकरा अडतीस. दहा वजा, अठ्ठावीस. वेळ होता. एरवी सेकंद तिच्या डोक्यात आपोआप चालत, पण उंबऱ्यात आल्यापासून ती मोजणी कुठंतरी सांडली होती.

"नाही जमणार, ताई."

"का?"

"दिवसभर दुकानात असते. ती एकटी कशी राहील? शिवाय ती मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस नको का तिच्याजवळ?"

"मला तरी कुठं ओळखते? मी मुकादम आहे तिच्या मते. रोज सकाळी मला विचारते, कितीजण आले. मी सांगते, सगळे आले. मग जेवते."

"कुणीतरी बाई ठेवू. मी शोधते. फोनवर सगळं बघेन."

"हो, उंटावरून शेळ्या हाकायला तू पहिल्यापासून हुशार."

यावर भांडण व्हायला हवं होतं. दोघीही त्याची वाट बघत थांबल्या, पण ते आलं नाही. चहा उतू जायला लागला, ताईनं गॅस बंद केला.

"बरं," ती म्हणाली. "नाही तर नाही. तोंडावर सांगितलंस, तेवढं पुष्कळ. घे चहा."

झालं होतं काम. इतकं सोपं होतं तर तीन फोनांवर टाळलं कशाला, असं धाकटीला वाटलं. चहा गरम होता की नव्हता, कळलं नाही. घोट जिभेवर आला तेव्हा कळलं की गरम आहे. समोर आई खुर्चीच्या हातावर बोटानं हळूहळू टकटक करत होती, एकसारखी, न चुकता.

"पन्नास झाले," आई म्हणाली. "लाइन लावा."

धाकटीनं घड्याळ पाहिलं. अकरा पन्नास. म्हणजे चाळीस. आणखी पाच मिनिटं बसता येईल.

तेवढ्यात बाहेरून एक गाडी गेली. फुटक्या सायलेन्सरची, दर तिसऱ्या ठोक्याला खोकणारी. सोळा नंबरचे मास्तर. हा माणूस दहा मिनिटं लवकर कसा निघाला? म्हातारपणी गणित कच्चं झालं वाटतं मास्तरांचं, ती मनात हसली. मग थोडा वेळ गल्ली शांत राहिली. आणि मग करकरत, धूर ओकत न्हाव्याची गाडी गेली. अठरा नंबर.

मास्तर चुकतील. न्हावी चुकेल. दोघंही एकाच हिशेबानं चुकतील?

"ताई, हे घड्याळ..."

"काय झालं? बरोबर आहे की."

"बरोबर म्हणजे? दहा मिनिटं पुढे आहे ना?"

ताई बघतच राहिली. "नाही गं. वर्ष झालं बरोबर करून. आई रोज दहा मिनिटं आधी ड्युटीला निघायची, दारात जाऊन उभी राहायची. म्हणून लावलं नीट." तिचा हात तोंडावर गेला. "अगं, तू वजा केलेस?"

धाकटी उठली. अजून बारा मिनिटं होती बाद व्हायला. धावली तर गुण जातील, पण खेळात राहील. ताईनं हेल्मेट आणून हातात दिलं, हातमोजे दिले. "पळ, पळ! आमच्यापायी आणखी एक नुकसान नको."

उजव्या मोज्यात बोटं जाईनात. दोन एका भोकात शिरली, करंगळी बाहेरच. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"इकडे ये," आई म्हणाली.

आवाज फाटकावरचा होता, ज्याला कुणी नाही म्हणत नसे. धाकटी तिच्यासमोर जाऊन वाकली. आईनं मोजा काढून मांडीवर ठेवला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली, मुळापासून टोकाकडे. "मशिनवर बसलं की होतं असं. सगळ्या पोरींना होतं. घाई करायची नाही. घाईत बोट जातं मशिनमध्ये."

"मला उशीर झालाय," धाकटी म्हणाली.

"होऊ दे. खाडा नाही लावत मी."

धाकटी बघत होती. आईचा अंगठा तिच्या तर्जनीवर दाबला जात होता, कातडी पांढरी पडत होती, परत गुलाबी होत होती. तिला काहीच कळत नव्हतं. स्पर्श नाही, ऊब नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी हात चोळला जाताना दिसावा तसं. आई मात्र तिचं काम मन लावून करत होती, एक बोट झालं की दुसरं. उजवा झाला. मग डावा मागितला.

बाहेरून एकोणीस गेला, वीस गेला. ताई दारात उभी होती, दार अर्धं उघडं धरून.

डाव्या करंगळीपर्यंत येईतो गल्ली पूर्ण शांत झाली होती. धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून नऊ. या वेळी तिनं काही वजा केलं नाही.

"गेली रॅली," ताई हळूच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

धाकटी फरशीवर बसली, आईच्या खुर्चीला टेकून. जाकिटाची चेन ओढली. तीही एकदम जमली नाही.

"हिच्या गोळ्या कधी कधी असतात?"

ताई दारापासून खुर्चीपाशी आली. मग म्हणाली, "सकाळी दोन. रात्री एक, पण ती दुधात घालून, नाहीतर थुंकते."

"लिहून दे. तोंडी माझ्या लक्षात राहत नाही हल्ली."

"पंधरा दिवसांत घरी जाऊन बदलशील."

"बदललं तर ये मारायला."

"कशी येऊ? बादली उचलायची नाही, तुला कुठं मारू?" ताई पेन शोधायला आत गेली, आणि आतून बराच वेळ खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले.