भट्टीचा ठिपका

मित्रांनो, मी एक उपग्रह आहे. जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, पण मला भंगार म्हणालात तर आपली कट्टी. बनवणाऱ्यांनी माझी पाच वर्षांची हमी दिली होती, आणि आज माझं चौदावं वर्ष चालू आहे.

माझा जन्म ज्या खोलीत झाला, तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. डोक्याला टोपी आणि हातात मोजे असल्याशिवाय कुणी माझ्याजवळ फिरकायचं नाही. एक मेकॅनिक बाई माझा प्रत्येक स्क्रू घट्ट करायच्या आणि पुन्हा तपासायच्या. घरातला गळका नळ कधी बघणार, असं त्यांच्या सासूबाई रोज विचारत म्हणे. तो नळ गळतच राहिला; माझा मात्र एकही स्क्रू आजवर ढिला झालेला नाही.

माझं काम उष्णता हेरण्याचं. साधारण शंभर मिनिटांत मी पृथ्वीभोवती एक फेरी मारतो आणि दिवसातून दोनदा एका फार जुन्या जंगलावरून जातो. तिथली काही झाडं दोन हजार वर्षांची आहेत. हातभर जाड सालीच्या जोरावर त्यांनी कितीतरी वणवे अंगावर घेतले आणि ती वाढत राहिली. पण अलीकडे उन्हाळा लांबतो, पाचोळा कोरडा ठणठणीत होतो आणि आग थेट शेंड्याला भिडते. शेंडा जळाल्यावर जाड साल काय कामाची? मी नवा होतो तेव्हा वर्षातले तीन महिने घाईचे असत. आता नऊ महिने मला उसंत नसते.

कुठे तापलेलं दिसलं की मी निरोप पाठवतो आणि कार्यालयातल्या नकाशावर लाल ठिपका उमटतो. त्या नकाशासमोर बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. ताई जंगलातल्या वनरक्षक काकांना फोन करतात आणि काका माणसं घेऊन धावतात. असे किती वणवे आम्ही तिघांनी वाढण्याआधीच पकडले! ही बढाई नाही, नोंदी आहेत.

जंगलाच्या कडेला एक विटांची भट्टी होती. तिचाही ठिपका रोज उमटायचा. काका दोनदा धापा टाकत तिथे गेले, तिसऱ्यांदा भट्टीवाला म्हातारा त्यांना हसला. तेव्हा कार्यालयाने तो ठिपका ‘नेहमीचे’ नावाच्या यादीत टाकला. यादीतला ठिपका संगणक नकाशावर दाखवतच नाही. रोज मरे त्याला कोण रडे! मला राग आला होता, पण त्यांचंही खरं होतं.

पुढे माझ्याहून तेज नजरेचा नवा उपग्रह आला. मला बंद करायचा दिवस ठरला. माझं इंधन संपत आलं होतं, तरी मी मनातून रुसलोच. बंद करण्यापूर्वी माझ्या शेवटच्या दिवसाच्या नोंदी नव्याच्या नोंदींशी ताडून बघायच्या, असा तिथला नियम. नुसती सही करून बहुतेकजण मोकळे होतात. ताईंनी मात्र यादीने झाकलेल्या नोंदीही उघडल्या आणि दुपारच्या फेरीतला भट्टीचा ठिपका त्यांना दिसला. तो नव्यानेही पाहिला होता, पण त्यालाही तीच यादी दिलेली.

साहेब म्हणाले, “भट्टी आहे ती. सही करा आणि मोकळ्या व्हा.”

ताईंना मात्र काकांचं बोलणं आठवलं. म्हातारा भट्टी बंद करून लेकीकडे राहायला गेला, असं ते सहज सांगून गेले होते. यादीतून भट्टी काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“भट्टी बंद होऊन महिना झाला, साहेब,” ताई म्हणाल्या. “मग तापलंय काय?”

त्यांनी काकांना फोन लावला. काकांच्या टेहळणीच्या मनोऱ्यावरून मधल्या टेकडीमुळे भट्टी दिसत नाही. इथून आकाश स्वच्छ आहे, असं ते म्हणाले.

“तरी जा, काका. चुकलं तर शिव्या मला द्या.”

काका गेले. भट्टीमागे जळणाची लाकडं उरली होती, ती पेटली होती. गवतातली आग वाऱ्याबरोबर जुन्या झाडांकडे निघाली होती. मधे जेमतेम अर्धा किलोमीटर. बारा माणसांनी पाचोळा ओढून काढला आणि मातीचा उघडा पट्टा खणला. एका ठिकाणी आगीने पट्टा ओलांडला आणि पहिल्या मोठ्या झाडाची साल पुरुषभर उंच काळी केली. काकांनी तिथे फावड्याने माती लोटली. आग तिथून पुढे सरकली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवा नियम लिहिला. यादीतल्या प्रत्येक जागी दर महिन्याला कुणीतरी स्वतः जाऊन बघायचं, नाहीतर ती यादीतून काढायची. “सही करा असं मीच म्हणालो होतो,” हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या माणसाबद्दलचा माझा राग तिथेच गेला.

आग पुन्हा धुमसत नाही ना, हे बघायला माझं जाणं चार दिवस लांबलं, इतकंच. आज उरलेलं इंधन वापरून मला समुद्राकडे वळवतील आणि वाटेत मी जळून जाईन. मला त्याचं दुःख नाही. खाली एकही झाड नसेल. तुम्ही एवढं करा मित्रांनो, रोज दिसणाऱ्या गोष्टीकडेही अधूनमधून नीट बघा, आणि रानातून निघताना मागे निखारा ठेवू नका.

निघण्यापूर्वी ताईंनी जंगलावरून माझी एक जादा फेरी मागितली. त्याला काय कळतंय, असं कुणीतरी म्हणालं. ताई म्हणाल्या, “मला कळतंय ना.”

मी आत्ताच तिथून गेलो. भट्टी, पट्टा, काळवंडलेलं झाड, त्यामागची हजारो झाडं, सगळं चौकोन-चौकोन करून तपासलं. आणि मान ताठ ठेवून माझा शेवटचा निरोप पाठवला: एकही ठिपका नाही.