बाबांनी दुरुस्त केलेलं टेबल

माझा उजवा हात जन्मापासून थरथरतो. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलंय, आम्ही घरी नुसतं 'हात' म्हणतो. "आज हात कसा आहे?" असं आई विचारते, जणू घरात चौथं माणूस राहतं. आणि मी चित्रकार आहे. हसा खुशाल, नातेवाईक हसून थकले.

चार वर्षं मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतेय, सगळी घरी, दार लावून. काढते काय, तर मेंढ्या, झाडं, धूर, म्हाताऱ्यांच्या दाढ्या. जिथे रेघ हलली तरी खपून जाते, ते सगळं. "काय लोकर काढतेस गं," असं संपादकबाई म्हणायच्या आणि मी मान डोलवायची. खरं सांगायची हिंमत नव्हती.

मग त्यांनी मला पहिलं अख्खं पुस्तक दिलं, मुखपृष्ठावर माझं नाव. विषय काय, तर सुताराचं दुकान. टेबलं, खिडक्या, फळ्या. लोकर औषधालाही नाही.

माझे बाबा सुतारच आहेत. कच्ची चित्रं मी पेन्सिलीने काढायची आणि त्यांवर शाईच्या सरळ रेघा बाबांनी ओढायच्या, असं आमचं गुपचूप ठरलं. पट्टी आणि काटकोन मापायचा गुण्या लावून, जीभ दातांत धरून त्यांनी बाराही पानं केली. आज सकाळी शेवटचं, टेबलाचं पान हातात ठेवून म्हणाले, "मागचे दोन पाय आखूड काढले होतेस. केले सारखे."

चित्रात लांबचं लहान दिसतं, हे त्यांना कोण सांगणार? त्या माणसाने आयुष्यात गिऱ्हाइकाला डुगडुगणारं टेबल दिलेलं नाही. चेहरा इतका खुलला होता की मी नुसती पानं उचलली आणि निघाले.

ऑफिसात बाईंनी ते पान पुढे ओढलं. "टेबल आहे की उताणं पडलेलं जनावर?" शेजारचा दाढीवाला चित्रकार फिसकन हसला. "पाचला छापखान्यात जायचंय," बाई म्हणाल्या. "इथेच बस आणि परत काढ. नाहीतर पुस्तक हा पुरं करेल." दाढीवाल्याने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

इतका संताप आला म्हणून सांगू. बाबांवर, बाईंवर, त्या टोपणावर. सगळ्यात जास्त माझ्यावर. चार वर्षं मी हा हात चोरीच्या मालासारखा लपवला होता. का? मी कुणाचं काय चोरलं होतं?

खुर्ची ओढली आणि काढायला लागले. हात सुरू झाला. टेबलाची कड वर-खाली होत गेली, त्याच्या पायांत कापरं भरलं. आजूबाजूचं टायपिंग थांबलं. सगळे माझा हात बघत होते, चित्र कुणीच बघत नव्हतं.

"अगं, आधी सांगायचंस ना," बाई हळू, गोड आवाजात म्हणाल्या. हाच तो आवाज. याला भिऊनच मी दार लावून घेत होते.

"सांगितलं असतं तर पुस्तक दिलं असतंत?"

त्या म्हणाल्या, "नसतं दिलं." निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

दाढीवाला मदतीला धावला. "रेघा कॉम्प्युटरवर सरळ करू. पाच मिनिटांचं काम."

"करून तर बघ," मी म्हणाले. "एक रेघ सरळ केलीत तर मुखपृष्ठावरून माझं नाव काढून टाका. बाकीची अकरा पानंही मी परत काढणार आहे. त्या रेघा माझ्या नाहीत."

"पाचपर्यंत?" बाईंनी विचारलं.

"उद्या पाचपर्यंत. छापखान्याला सांगा."

बाईंनी कागद उचलला. या वेळी चित्र पाहिलं, बराच वेळ. "वाईट नाहीये," म्हणाल्या.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

त्यांनी छापखान्याला फोन लावला. तेवढ्यात माझा वाजला. बाबा. "आवडलं का टेबल?"

"बाबा, ते चुकलं होतं. मी परत काढलं."

"कुठे?"

"इथेच, ऑफिसात."

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर," मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोरच ढसाढसा रडले. रागाने रडले. बाई लगबगीने काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि माझ्या तोंडाला लावायला लागल्या.

"खाली ठेवा. मी घेते."

मी उचलला. निम्मं पाणी अंगावर सांडलं. उरलेलं प्याले.