एकोणसत्तर

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'भोंगा' म्हणायची, आणि त्याला त्याचा राग नव्हता. फोनवर बोलायला लागला की समोरचा न्हावी वस्तरा थांबवायचा. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते तोंडाने, असा त्याचा बाणा होता. "कागदावर लिहून मागतो तो माणूस विश्वास ठेवत नसतो," असं तो म्हणायचा. मापं, रंग, तारीख, सगळं फोनवर. वीस वर्षं धंदा असाच चालला होता, आणि चांगला चालला होता.

म्हणून त्या मंगळवारी टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यातून त्याचीच दोन हजार खोकी परत उतरली, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. खोकी मलमवाल्या बाईंची होती. बाई सांधेदुखीचं मलम बनवायच्या. पाच वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. वरच्या खोक्यावर एक चिठ्ठी डकवली होती: 'नवी डबी मावत नाही. उंची कमी पडली. कृपया फोन करू नका, लिहून कळवा.'

"फोन करू नका?" भोंग्याचा आवाज परत आला. "म्हणजे मी बोलायच्याही लायकीचा नाही?"

आणि त्याने लगेच फोन लावला. मग पुन्हा लावला. संध्याकाळपर्यंत सात वेळा लावला. कुणी उचलला नाही.

त्याची बायको शेजारी बसून कापलेल्या पुठ्ठ्यांच्या कडा घासत होती. ती मुळात कमी बोलणारी. घरात बोलण्याचा कोटा नवराच संपवायचा. ती म्हणाली, "अहो, त्यांनी कसं कळवायचं ते सांगितलंय. तुम्ही तेवढं सोडून बाकी सगळं केलंत."

"अगं, पण चूक माझी नाहीच! त्यांनी एकोणसाठ सांगितलं, मी एकोणसाठ केलं. वर परत विचारलंसुद्धा, 'एकोणसाठ मिलिमीटर ना?' हो म्हणाल्या!"

"मग तेच लिहून पाठवा."

टेबलावरचा पेन त्याने उचलला, झाकण काढलं, पुन्हा लावलं. "त्यापेक्षा जाऊनच येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक खोकं काखेत मारून निघाला. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं त्याने घोळवून ठेवली होती. बाईंचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला मेण वितळत होतं, कापराच्या वासाने डोळे चुरचुरत होते. बाई दाराकडे पाठ करून डब्या भरत होत्या.

"नमस्कार, ताई!" भोंग्याने दारातून हाक मारली.

बाई हलल्या नाहीत. त्याने पुन्हा हाक मारली, अशी की शेल्फावरच्या झाकणांचा आवाज झाला. बाई शांतपणे डबी भरत राहिल्या. शेवटी तिथे काम करणाऱ्या मुलीने उठून त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्या वळल्या आणि त्याला पाहून दचकल्या.

भोंग्याने काखेतलं खोकं हळूच खाली ठेवलं. त्याला कळायचं ते कळलं होतं.

तरी सवयीप्रमाणे त्याने आवाज चढवला. "ताई, मी खोकी—"

"ओरडू नका, भाऊ," बाईंनी हात वर केला. "ओरडल्याने आवाज मोठा होतो, शब्द नाही. आणि तुमच्या या मिशांपायी ओठही दिसत नाहीत. मी वाचू काय?"

मुलगी फिसकन हसली. बाईंनी तिला पाण्यासाठी आत पाठवलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हळूहळू गेलं. कानाचं यंत्र आहे, पण त्यात फोनवरचं बोलणं म्हणजे नुसती खरखर. कुणाला सांगितलं नाही. ऐकू येत नाही म्हटलं की लोक आवाज वाढवतात आणि मान कमी करतात. तुम्ही फोनवर बोललात ना, मी सगळ्यालाच 'हो' म्हणत गेले. 'काय?' असं दोनदा विचारता येतं, भाऊ. तिसऱ्यांदा लाज वाटते."

म्हणजे बाईंचं एकोणसत्तर त्याने एकोणसाठ ऐकलं होतं, आणि त्याचं एकोणसाठ बाईंनी ऐकलंच नव्हतं. त्याला आठवलं, गेल्या वर्षभरात तीनदा त्या म्हणाल्या होत्या, 'जरा लिहून पाठवाल का?' तिन्ही वेळा त्याने हसून टाळलं होतं: 'आपल्यात कशाला लिखापढी?'

बाईंनी एक वही आणि पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. "आता बोला."

ज्या माणसाला बोलताना कधी श्वास घ्यावा लागत नव्हता तो कोऱ्या पानाकडे पाहत बसला. लहानपणी त्याने सुट्टीच्या अर्जात केलेल्या चुका मास्तरांनी वर्गापुढे एकेक करून वाचून दाखवल्या होत्या. सगळी पोरं बाकं वाजवून हसली होती. त्या दिवसापासून त्याने सहीपलीकडे कुणासाठी काही लिहिलं नव्हतं. ही गोष्ट बायकोला ठाऊक होती, आणि तीही त्याने सांगितली म्हणून नव्हे.

पण समोरची बाई स्वतःचं झाकलेलं उघडं करून बसली होती. त्याने पेन्सिल धरली आणि सावकाश लिहिलं: 'ताई माझ शूद्धलेखन वाइट आहे. म्हणुन लिहित नाही.'

बाईंनी वाचलं. मग त्या हसल्या, पण मास्तरांच्या वर्गासारखं नाही. "अहो, मला खोकी हवी आहेत, निबंध नको! चित्र काढता येतं ना?"

ते त्याला येत होतं. वहीवर त्याने खोकं उघडून पसरलं: चार भिंती, तळ, झाकणाची पाती, घड्या कुठे, डिंक कुठे. रेघा पट्टीशिवाय सरळ आल्या. उंचीपुढे त्याने '६९' लिहून वही फिरवली. बाईंनी आकड्याभोवती गोल काढला, खाली सही केली, आणि एक भरलेली डबी त्याच्या हातात ठेवली.

"हिलाच विचारा, कितीची उंची ते. ही खोटं बोलणार नाही आणि बहिरीही नाही."

नवी खोकी आठवड्यात गेली. जुनी वाया गेली, ती दोघांनी अर्धी अर्धी सोसली. त्यावरून वाद झाला नाही. भोंग्याने मात्र एक काम अंगावर घेतलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला कसं कळवलेलं सोयीचं?" वीस वर्षांत त्याने हे कुणालाच विचारलं नव्हतं. बटणवाला म्हणाला, फोन चालेल पण दुपारी नको, आई आजारी आहे, तिचा डोळा लागतो. साबणवाल्या बहिणी म्हणाल्या, मेसेज करा, आम्ही दोघी वाचून मग ठरवतो. फोनवर एकीने ठरवलं की दुसरी रुसते. बायकोने ते सगळं एका तक्त्यावर लिहिलं आणि फोनच्या वर चिकटवलं.

सगळ्यात शेवटी उरले काचेच्या बरण्यांचे म्हातारे व्यापारी. भोंग्याने त्यांना आपल्या मोडक्या शुद्धलेखनात पहिला मेसेज पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"अरे, काय ते बारीक बारीक अक्षर पाठवलंयस? मला दिसत नाही! गप फोन कर पहिल्यासारखा. दिवसभर दुकानात कुणी बोलायला नसतं."

बायको हातातलं काम सोडून हसायला लागली. भोंग्याने खुर्ची ओढली, पाय पसरले, आणि इतक्या दिवसांनी मोकळ्या गळ्याने विचारलं, "बोला काका, तब्येत कशी आहे?"

समोर न्हाव्याचा वस्तरा थांबला.