चार वाजताची एक रिंग

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझा पाचचा आकडा झिजून गेला आहे आणि पाठीचं झाकण रबरबँडने जागेवर धरलं आहे. तरी माझी बॅटरी चार दिवस टिकते, हे सांगताना आजही ऊर भरून येतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी दुकानाच्या काचेत पहिल्या रांगेत होतो. तिथून मला नेलं लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या ताईने. तिचे वडील, आबा, दम्याचे रुग्ण. दिवसभर घरी एकटे. त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे त्यांचा फोन दुपारी ठीक चारला येई. एक रिंग वाजून थांबली की आबा बरे आहेत. दोन रिंग वाजल्या की येताना औषध आणायचं. ताई फोन उचलत नसे. उचलला तर आबांचे पैसे जातील.

मग कंपनीने माझं छोटं रिचार्जच बंद केलं. उरलेला सर्वांत लहान पॅक दुप्पट किमतीचा, आणि त्यात रोजचं इंटरनेट. माझ्या पोटात इंटरनेट मावतच नाही!

"जेवायचं नाही, तरी ताटाचे पैसे द्या म्हणे," ताई करवादली आणि रिचार्ज पगारावर ढकललं. माझं आउटगोइंग बंद पडलं. मग इनकमिंग बंद व्हायचा दिवसही आला; त्या रात्री तेही जाणार होतं.

त्याच दुपारी, चारला वीस मिनिटं कमी असताना, मी वाजलो.

"आबांचं घड्याळ आज पुढे गेलं वाटतं!" ताई हसली. हात इस्त्रीवरच.

दुसरी रिंग. "औषध. बरं, आणते संध्याकाळी."

तिसरी. चौथी.

"अगं, उचल की!" लॉन्ड्रीच्या मालकीणबाई म्हणाल्या.

"नको हो. कापायला विसरले असतील. उगाच पैसे जातील त्यांचे."

'आत्ता ये' म्हणायला त्या दोघांकडे रिंगच नव्हती. मला ते कळत होतं. पण मला येतं काय, तर वाजणं आणि थरथरणं. मी थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकलो. पाचवी. सहावी. सातव्या रिंगला खाली घसरलो. ताईने मला वरच्यावर झेललं आणि तिचा अंगठा हिरव्या बटणावर पडला.

आधी नुसता शिट्टीसारखा श्वास. मग, "पंप... संपला..." आणि फोन बंद.

ताईने उलट फोन लावला. "कृपया रिचार्ज करा," माझ्याच तोंडून आवाज आला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"तू पळ! डॉक्टरांना मी फोन करते!" मालकीणबाई ओरडल्या.

मला मुठीत आवळून ताई धावली. आधी औषधाच्या दुकानातून दम्याचा नवा पंप, मग घराचे तीन जिने.

आबा खिडकीचा गज धरून बसले होते. ओठ निळे. ताईने पंप तोंडाशी धरला. एक झोत. दुसरा. डॉक्टर पोहोचले तेव्हा कुठे शिट्टी विरू लागली होती.

"सात वेळा वाजला गं," आबा पुटपुटले. "मी मोजत होतो."

"मीपण मोजतच होते, आबा," ताई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

आता ताई पहिल्याच रिंगला मला उचलते. रिचार्जसाठी तिने सकाळची बस सोडली आहे. कामावर चालत जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा म्हातारा फोन असेल, तर त्याचं रिचार्ज कधी संपतं ते विचारा. ज्याला दोनच शब्द बोलायचे आहेत, त्याला दोन शब्दांपुरता पॅक मिळावा, एवढंच माझं मागणं. आणि आपल्या माणसाचा फोन वाजत राहिला, तर मोजू नका. उचला.