भुऱ्याच्या गळ्यातला पट्टा

मी एक जुना चामडी पट्टा आहे. सध्या इंद्रभानच्या गोठ्यात, बैलांच्या दाव्यांशेजारी खुंटीवर लटकतो. मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गळ्याभोवती जन्म गेला की माणसाचा हात जवळ आला, तरी तो कशासाठी आला हे आधी बघावं लागतं.

पूर्वी मी बैलाच्या घुंगरमाळेचा भाग होतो. दुसरबीडजवळच्या या गावात आजही बैल विकला तरी दावं विकत नाहीत. गिऱ्हाईक स्वतःचं दावं घेऊन येतं. जुनं दावं धनी काढून घेतो आणि खुंटीला लावतो, दावणीची बरकत जाऊ नये म्हणून. माझा बैल गेला तेव्हा मी असाच मागे राहिलो. पुढे इंद्रभाननं मला चिखलीच्या बाजारात नेलं. तिथल्या कारागिरानं मला कापलं, बकल लावलं, भोकं पाडली आणि एक घुंगरू तेवढं राहू दिलं.

मग मी भुऱ्याच्या, म्हणजे इंद्रभानच्या कुत्र्याच्या, गळ्यात आलो. तेव्हा तो एवढासा होता की मी त्याच्या गळ्यातून सुटून पायात यायचो. तो वाढला, तसा मी एकेक भोक पुढे सरकलो आणि चौथ्या भोकावर थांबलो. तिथेच आमची चांगली वर्षं गेली. मक्यात रानडुकरं शिरली की भुऱ्या धावे आणि माझं घुंगरू खणखणे. "राखन्या असावा त असा," असं गावातली माणसं म्हणत. ती स्तुती भुऱ्याची होती, पण थोडी मी माझीही धरली.

एका हिवाळ्यात मी अचानक घट्ट झालो. इंद्रभानची बायको सरस्वतीबाई हिनं मला एक भोक सैल केलं. "भुऱ्या भरला बरं का अंगानं," ती म्हणाली. मला शंका आली. पोट आत चाललं होतं, बरगड्या दिसत होत्या, मग मान तेवढी कशी भरते? महिना झाला नाही तोच शेवटचं भोकही पुरेना. इंद्रभाननं खिळा तापवून मला नवं भोक पाडलं. माझ्याखाली काय आहे, ते त्यानं हात घालून पाहिलं नाही.

जबड्याखालच्या गाठी बाहेरून दिसायला लागल्या, तेव्हा पहिला आरोप माझ्यावरच आला.

"ह्या पट्ट्यानंच घासलं त्याले," सरस्वतीबाई म्हणाली.

"पट्टा काय काल बांधला का?" इंद्रभान म्हणाला. "हे पंजाबरावचं काम आहे. मागं त्याची कोंबडी धरली होती ना यानं. जहर चारलं त्यानं."

"कोंबडीपायी कोनी जहर घालते का?"

"घालते. तुले मानूस माहीत नाही."

पंजाबराव म्हणजे बांधापलीकडचा शेजारी. त्या दिवसापासून मीही त्याच्या हातांवर नजर ठेवली. इंद्रभाननं गाठींवर बिब्ब्याचं गरम तेल लावलं. या भागात गाठ आली की बिब्बा, हे ठरलेलंच आहे. भुऱ्या विव्हळला. कातडी भाजली, गाठी तशाच राहिल्या.

भुऱ्या मात्र रोज दुपारी बांध ओलांडून पंजाबरावकडे जाई आणि ओल्या तोंडानं परत येई. माझा संशय पक्का झाला. इंद्रभानचाही झाला. एका दुपारी तो तुरीआड दबून बसला आणि पंजाबरावनं थाळी पुढे सरकवताच उठला.

"काय पाहून राह्यला बे इंद्रभान? चोर धरला का?"

"काय चारून राह्यला माह्या कुत्र्याले?"

"ताकात कुस्करलेली भाकर. कोरडी गिळत नाही त्याले. घरच्याले दिसत नाही, म्हून बांधावरच्याले पाहा लागते. पाहिजे त चाखून पाहाय. मीठ कमी असन त सांग."

इंद्रभाननं खरोखरच थाळीत बोट घातलं आणि चाटलं. मग तो भुऱ्याजवळ बसला. पहिल्यांदा त्याचा हात माझ्याखाली शिरला. गाठी त्याच्या बोटांना लागल्या. जबड्याखाली होत्याच, खांद्यापुढेही होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपनं चिखलीला गेलो. जनावरांच्या डॉक्टर सुचिताताईंनी सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासणीला पाठवलं. "हे कुणी भाजलं?" त्यांनी विचारलं. "मीच. बिब्बा लावला," इंद्रभान म्हणाला. अहवाल आला तेव्हा त्यानं एकच विचारलं.

"जहर आहे ना?"

"नाही काका. कॅन्सर आहे. कुणी काही घातलेलं नाही, पट्ट्यानंही झालेलं नाही." त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्यांनी सूज उतरेल, काही दिवस बरे जातील, पण रोग जाणार नाही. मोठ्या शहरात आणखी औषधं मिळतात. त्यांनी वेळ वाढतो, रोग मुळातून जाईलच असं नाही. "तो खातो का, उठतो का, तुम्हाला पाहून शेपूट हलवतो का, एवढं बघत राहा. ते थांबलं की मला सांगा. त्रास न होता झोपवता येतं."

"म्हंजे मारता येतं."

"हो काका," त्या म्हणाल्या. त्यांनी शब्द लपवला नाही. तरी आमचा दोघांचा विश्वास बसला नाही. वाटेत इंद्रभान पुटपुटत होता, "त्याईले काय, सुई टोचली का मोकळ्या."

गोळ्यांनी मी सैल झालो. भुऱ्या पुन्हा मक्यापर्यंत धावून आला. सरस्वतीबाई म्हणाली, "पाहा, डॉक्टरीन चुकली." ते खरं असावं असं मला फार वाटलं, म्हणून मी त्यावर जास्तच शंका घेतली. संक्रांत झाली आणि गाठी परत आल्या. श्वास घरघरू लागला. ताकही उतरेना. इंद्रभान आला तरी शेपूट हलेना.

एका सकाळी दारात जीप उभी राहिली. इंद्रभान भुऱ्याजवळ बसला आणि त्यानं माझं बकल काढलं. पहिल्यांदा चिखलीला जाताना त्यानं मला काढलं नव्हतं. आज काढलं, म्हणजे हा भुऱ्याला कुठेतरी टाकून येणार, असंच मला वाटलं.

सरस्वतीबाईनं मोकळी मान पाहिली. "दावं काऊन काढलं? विकून राह्यले का त्याले?"

इंद्रभान मला मुठीत धरून उभा होता. "वापस येनार नाही ना तो," तो म्हणाला. "तिकडंच झोपवनार आहे. मले पाहवत नाही आता."

"मंग नेताच काऊन? त्याचं घर हे आहे. त्या बाईले इथं बोलवा. बांधा ते परत."

बांधावरून पंजाबराव हे ऐकत होता. काही न विचारता तो त्याच जीपमध्ये बसला आणि सुचिताताईंना घेऊन आला.

इंद्रभाननं मला पुन्हा भुऱ्याच्या गळ्यात बांधलं, अगदी सैल. भुऱ्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. "पहिल्या सुईनं फक्त झोप लागेल," ताई म्हणाल्या. मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून होतो. खोट काढायला मला काही सापडलं नाही. इंद्रभानचा हात माझ्याखाली होता. दुसऱ्या सुईनंतर घरघर हळू झाली, मग थांबली. घुंगरू वाजलं नाही.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं काका."

बोरीखाली खड्डा पंजाबरावनं खणला. त्याआधी इंद्रभाननं मला काढून घेतलं. जनावर गेलं की दावं घरी राहतं.

मित्रांनो, शंका घेणं वाईट नाही. मी अजूनही घेतो. पण आम्ही बांधापलीकडच्या हातांवर शंका घेत बसलो आणि आमच्या जवळची मान चाचपली नाही. म्हणून एकच मागणं आहे. तुमच्या जनावराचा पट्टा घट्ट झाला, तर पुढचं भोक पाडायची घाई करू नका. आधी त्याखाली हात घालून पाहा.