गोगोच्या कोपऱ्यावरचा टायर

मित्रांनो, ज्याच्याभोवती बसून तुम्ही गरमागरम माग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे खाता, तो मी एक जुना टायर आहे. माझी नक्षी झिजली आहे आणि एका बाजूला ठिगळ आहे. वाकून वास घेतलात तर पेट्रोलचा वास येईल. तो कसा लागला, ते सांगतो.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात मी तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो. मग जोहान्सबर्गच्या एका पांढऱ्या टॅक्सीला मला बसवले. आमचा चालक रोज सकाळी मला पायाने ठोकून बघायचा आणि म्हणायचा, "शाबास गड्या." एवढे कौतुक मला पुरत असे. पुढे टॅक्सीवाल्यांच्या दोन संघटनांत कोणत्या रस्त्यावर कुणी गाड्या चालवायच्या यावरून भांडण जुंपले. एका माणसाने थांब्यावर येऊन खिडकीतून गोळ्या झाडल्या. चालक जागीच कोसळला. एक गोळी माझ्यातही शिरली. त्याचे रक्त दारातून ओघळून माझ्यावर आले आणि माझी हवा निघून गेली.

ठिगळ लावून मला आणखी काही दिवस पळवले, नंतर फेकून दिले. उकिरड्यावर माझ्यासारखे पुष्कळ होते. नळाला पाणी आले नाही की लोक चिडायचे आणि आमच्यातले काही उचलून चौकात पेटवायचे. माझ्या शेजारचा असाच गेला. माझी पाळी यायच्या आत माग्विन्या तळून विकणाऱ्या गोगो मकातिनीने, म्हणजे मकातिनी आजीने, मला लोटत लोटत या कोपऱ्यावर आणले आणि चुलीशेजारी आडवे टाकून वर बसली.

ही वस्ती तरुणांची. एकेका खोलीत पडदे लावून तीन-चार बिऱ्हाडे राहतात. कुणी झुलू मुलखातून आलेला, कुणी मलावीहून, कुणी झिम्बाब्वेहून. गाडी कुणाकडेच नाही. कामावर चालत जायचे, बाजाराला चालत, प्रार्थनेलाही चालत. म्हातारे झाले की लोक आपापल्या गावी परततात, त्यामुळे पांढऱ्या केसांचे माणूस इथे शोधून सापडत नाही. गोगो तेवढी राहिली. का गेली नाहीस म्हणून विचारले तर म्हणायची, "गावाला माझी चेष्टा करणारं कुणी उरलं नाही. इथं तुम्ही तरी आहात."

म्लुंगिसी हा राखणदारी करणारा दणकट जवान. रोज सकाळी तो गोगोला माझ्यावरून उठवून मला डोक्यावर उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. दंड कमावण्यासाठी. गोगो म्हणायची, "टायर उचलतोस, पाण्याची बादली उचलताना कुठं जातं रे बळ?" तो हसत बादली भरून आणायचा. लिंबानी मलावीचा, भिंती रंगवणारा. बोटांना रंग लागलेला असायचा, म्हणून गोगो त्याला माग्विन्या कागदात गुंडाळून द्यायची. त्याला इथली भाषा फारशी येत नसे. त्याची बायको दुपारी कचेऱ्या झाडायला जायची, तेव्हा त्यांची लहानगी लेक थोको त्याच्याजवळ असायची.

पोलीस लवकर येत नाहीत, म्हणून इथल्या प्रत्येक दारामागे एक शिट्टी टांगलेली असते. ती वाजली की हातातले काम टाकून धावायचे. आधी पोचायचे, विचारायचे नंतर. हा इथला नियम. या नियमाने अनेकांना वाचवले आहे, म्हणून त्याला कुणी नावे ठेवत नाही.

त्या आठवड्यात पोरे पळवणारा माणूस फिरतो आहे, अशी आवई उठली होती. शनिवारी दुपारी थोकोला आकडी आली. लिंबानीने तिला टॉवेलात गुंडाळले, छातीशी धरले आणि खालच्या गल्लीतल्या दवाखान्याकडे धाव घेतली. इथे लेकरू असते बाईच्या पाठीवर, चादरीत बांधलेले. पुरुषाच्या हातात लेकरू आणि तो पळतोय, हे वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाहिले. शिट्टी वाजली. मग दुसरी वाजली, मग सगळ्या गल्लीत वाजल्या.

एका मुलीने त्याच्या हातातून थोकोला ओढून घेतले. पहिला दगड त्याच्या कानावर बसला. तो पडला, तसे लाथा सुरू झाल्या. कुणीतरी लोखंडी नळीने त्याच्या घोट्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. तो लेकीचे नाव घेऊन आपल्या भाषेत काहीतरी सांगत होता, ते त्यांना शिवी वाटले असेल. मग बाटलीतून पेट्रोल आले. चोराच्या गळ्यात टायर अडकवून त्याला पेटवायचे, असे ठरले. मग म्लुंगिसी माझ्याकडे आला. टायर कुठे मिळेल हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

तो म्हणाला, "गोगो, ऊठ."

गोगो उठली नाही. ती म्हणाली, "गुडघे दुखतायत. ते माझ्याकडे येणारं पोर आहे. मुलगी त्याचीच आहे."

"तुला काय कळतंय? बाजूला हो."

"मला उचलून बाजूला ठेव मग. लाव हात. तुझ्या आईला मी काय सांगू, तेही सांगून ठेव."

मागून एकाने चिडून बाटली उलटी केली. पेट्रोल गोगोच्या झग्यावर पडले, माझ्यावर पडले. तिने झगा झटकलासुद्धा नाही. मला खाली दाबून ती तशीच बसली आणि त्या मुलीकडे वळून म्हणाली, "लेकराचे डोळे बघ, बाई. आधी दवाखाना गाठ. चोर कोण ते मग ठरवा."

मुलीने टॉवेल बाजूला केला. थोकोचे डोळे वर गेले होते, ओठ निळे पडले होते. मुलगी धावत सुटली. तोच रस्ता, तेच लेकरू, तशीच धाव. पण या वेळी शिट्टी वाजली नाही. सगळे तिच्याकडे बघत राहिले. म्लुंगिसीने माझी धरलेली कड सोडली. बाटलीवाला गर्दीत मिसळला. हळूहळू रस्ता रिकामा झाला आणि मधोमध लिंबानी उरला.

थोको वाचली. लिंबानीचा पाय मात्र सरळ झाला नाही. सगळे चालतात त्या वस्तीत तो आता काठी टेकत चालतो. शिडीवर चढता येत नाही, म्हणून गोगोच्या शेजारी बसून पीठ मळतो. म्लुंगिसी रोज पाण्याची बादली आणून ठेवतो, कुणाकडे न बघता निघून जातो. गोगोही त्याची चेष्टा करत नाही. त्याने मला पुन्हा उचलले नाही.

मित्रांनो, शिट्टी ऐकली की जरूर धावा. पण पोचल्यावर हात उचलण्याआधी त्या माणसाचे नाव विचारा. आणि माझे एवढे एक काम करा. गोगोचे गुडघे आता खरेच थकले आहेत, तिला केव्हा तरी उठावे लागेल. ती उठली की तुमच्यातला कुणीतरी येऊन बसा. मला रिकामा ठेवू नका.